निजामाचा हिशेब मांडायचा तर

१७ सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण असो, निबंध असो की गावचा इतिहास. हैदराबाद संस्थानाच्या सातव्या निजामावर, मीर उस्मान अली खानवर (राजवट १९११ ते १९४८) लिहायचं तर आधी वहीत चार रकाने आखा: काय केलं, पैसा कुणाचा, लाभ कुणाला, झळ कुणाला. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ असे दोनच रकाने आखले की माणूस बेरीज-वजाबाकी करत बसतो. धरण बांधल्याने जळालेल्या घराची भरपाई होत नाही, आणि जाळपोळीमुळे धरण खोटंही ठरत नाही.

पैशाच्या रकान्यात सरकारी खजिना आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, वेगळी लिहा. जुन्या कागदांत सन फसली, म्हणजे महसुली सन असतो. इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. रकमा बहुधा हाली शिक्क्यात, म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या रुपयांत असतात. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, हे विसरलात तर देणगी उगाच फुगते.

निजामाने देशाच्या संरक्षणासाठी पाच टन सोनं दान दिल्याची गोष्ट तर सर्रास चालते. माहिती अधिकारातलं उत्तर सांगतं की १९६५ साली ४२५ किलो सोनं साडेसहा टक्के व्याजाच्या सुवर्ण रोख्यांत गुंतवलं होतं. म्हणजे गुंतवणूक. पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं निजाम अतिथीगृह मात्र खरं आहे, ते गाळू नका. अजिंठ्याच्या चित्रांचं जतन लिहिताना पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींचं नाव आलंच पाहिजे.

फूटपट्टी त्याच काळातली घ्या. सयाजीरावांनी १९०६ साली बडोदा राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. यांच्याशेजारी १९१८चं उस्मानिया विद्यापीठ ठेवा. उच्च शिक्षण देशी भाषेत, हे धाडसच होतं. पण ती भाषा उर्दू. परभणीच्या मराठी पोराला ती इंग्रजीइतकीच परकी. एकाच कामाची नोंद लाभ आणि झळ अशा दोन्ही रकान्यांत जाते, ती अशी.

रझाकारांच्या, म्हणजे कासिम रझवीच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या बाबतीत निजामाबद्दलचे तीन प्रश्न सुटे ठेवा: हुकूम दिला का, मुभा दिली का, थांबवता येत होतं का? लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीपुढे आपण हतबल होतो, असं निजामाने २३ सप्टेंबर १९४८ला रेडिओवर सांगितलं. पराभवानंतरचं विधान म्हणून त्याला वजन कमी द्या. ज्या सरकारने १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी घातली, त्याने रझाकारांवर का घातली नाही, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यानंतर, मुसलमानांवर झालेल्या हिंसेसाठी वेगळं पान घ्या. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे, आणि जास्त झळ बसलेल्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपलेच जिल्हे. हे पान रझाकारांना माफी म्हणून वापरू नका, आणि गाळूही नका. निजामाच्या खात्यात तर ते बसतच नाही.