एचओएच्या वस्तीत छप्पर बदलताय? या चुका टाळा

मार्च ते जून हा उत्तर टेक्ससमधला गारांचा हंगाम. फ्रिस्को, प्लेनो, मकिनी, अ‍ॅलन या भागात एखादं मोठं वादळ होऊन गेलं की मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच प्रश्न फिरू लागतो: "कोणी चांगला रूफर सांगेल का?" प्रश्न रास्त आहे, फक्त त्याची वेळ चुकते. छप्पर नक्की कोणाच्या जबाबदारीचं, घरमालकांची असोसिएशन (एचओए) काय लावू देते आणि विम्यातून खरोखर किती पैसे येणार, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय रूफरला, म्हणजे छप्पर बसवणाऱ्या ठेकेदाराला, दारात उभं करण्यात अर्थ नाही. एचओएच्या वस्तीत मी ज्या फसलेल्या कामांबद्दल ऐकतो, त्यातली बहुतेक छपरावर चढण्याआधीच फसलेली असतात.

या उपनगरांतली पुष्कळ घरं १९९० आणि २००० च्या दशकांतली. डांबरी शिंगल्सच्या (छपरावर ओळीने ठोकायच्या चपट्या तुकड्यांच्या) वेष्टनावर तीस वर्षं किंवा 'लाइफटाइम' लिहिलेलं असलं, तरी टेक्ससचं ऊन आणि गारा मिळून ते आयुष्य पंधरा-वीस वर्षांवर आणतात. म्हणजे अनेकांचं हे दुसरं छप्पर असतं, काहींचं तिसरं.

छप्पर कोणाचं, हे न पाहणं

स्वतंत्र घर असेल तर छप्पर बहुधा तुमचंच. टाउनहोममध्ये मात्र गृहीत धरू नका. काही ठिकाणी बाहेरची भिंत आणि छप्पर असोसिएशनचं असतं, काही ठिकाणी मालकाचं, आणि काही ठिकाणी देखभाल असोसिएशनकडे पण गारांचं नुकसान मालकाकडे, असाही घोळ असतो. घर घेताना सही केलेल्या त्या जाडजूड सीसीअँडआर, म्हणजे वस्तीच्या नियमांच्या, कागदपत्रांत याचं उत्तर असतं. छप्पर असोसिएशनचं असेल तर राखीव निधी पुरतो का आणि कमी पडला तर विशेष वर्गणी बसेल का, हे सभेत विचारा. आपल्या विम्यात अशा वर्गणीसाठीचं 'लॉस असेसमेंट' कव्हर आहे का, तेही पाहून ठेवा.

आधी करार, मग मंजुरी

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. वादळानंतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी बेल वाजवतो, शिडी लावतो, फोनवर फोटो दाखवतो आणि "नुसती पाहणीची परवानगी" म्हणून टॅबलेटवर सही घेतो. बऱ्याचदा ती सही कामाच्या करारावर असते: विमा कंपनीने दावा मंजूर केला की काम त्यालाच. दारावर येऊन केलेल्या अशा विक्रीतून तीन कामकाजाच्या दिवसांत माघार घेण्याचा फेडरल नियम आहे, पण त्यालाही अपवाद आहेत. त्यामुळे सही न करणंच सोपं. टेक्ससमध्ये रूफरसाठी राज्याचा परवाना लागतच नाही, ही गोष्ट नव्याने आलेल्या मंडळींना खरी वाटत नाही. ट्रकवर नाव रंगवलं की झाला रूफर. म्हणून स्थानिक पत्ता, दायित्व विम्याचं प्रमाणपत्र (ते थेट त्याच्या विमा एजंटकडून मागवा) आणि दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली जवळपासची कामं पाहायची.

मग मंजुरी. "एचओएचं आम्ही बघतो" असं रूफर म्हणाला तरी नियमभंगाची नोटीस तुमच्याच नावावर येते. अर्ज तुम्हीच भरा. असोसिएशनच्या आर्किटेक्चरल कमिटीला (घराच्या बाहेरचे बदल मंजूर करणाऱ्या समितीला) साधारणपणे कंपनी, शिंगलची मालिका, नेमका रंग, नमुना किंवा रंगपत्रक, व्हेंट आणि धातूच्या पट्ट्यांचा रंग आणि कामाच्या तारखा लागतात. 'राखाडी शिंगल' एवढंच लिहून आलेला अर्ज परत जातो आणि दोन आठवडे वाया जातात.

रंगाच्या नावाने बरेच जण फसतात. 'वेदर्ड वूड' हा उपनगरांतला अगदी सरधोपट रंग. जीएएफचा आहे, सर्टनटीडचाही आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर एकसारखे दिसत नाहीत. यादीत एका कंपनीचा रंग मंजूर असेल आणि रूफरने गोदामात पडलेला दुसरीचा आणला, तर नाव तेच असूनही ते उल्लंघनच. शेजाऱ्याने लावलंय म्हणून आपल्यालाही चालेल, हा तर्कही लंगडा. त्याचं कदाचित जुन्या यादीवर मंजूर झालं असेल, कदाचित त्याने विचारलंच नसेल.

कमिटीची मुदत कागदपत्रांत दिलेली असते, बहुधा तीस ते साठ दिवस. त्या मुदतीत उत्तर आलं नाही तर काय, हेही वाचा. काही वस्त्यांत मौन म्हणजे मंजुरी, काहींत मौन म्हणजे नकार. पाणी गळत असेल तर ताडपत्रीसाठी मात्र थांबू नका. नुकसान वाढू न देणं ही विम्याचीच अट असते. फोटो काढा, पावत्या जपा आणि कमिटीला त्याच दिवशी ईमेल टाका.

करार करताना त्यात एक ओळ घालून घ्या: असोसिएशनची लेखी मंजुरी मिळेपर्यंत काम सुरू होणार नाही आणि नकार आल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल. नाहीतर शिंगल्स छपरावर आणि अर्ज कमिटीच्या टेबलावर, असं वरातीमागून घोडं निघतं.

नकार आला तर निमूट मान्य करायची गरज नाही. टेक्सस प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०११ सांगतं की वारा आणि गारा सोसणारे, उष्णता रोखणारे किंवा सौरऊर्जा तयार करणारे शिंगल्स असोसिएशनला सरसकट बंद करता येत नाहीत. मात्र ते वस्तीत मंजूर असलेल्या शिंगल्ससारखे दिसणारे, त्यांच्याहून टिकाऊ आणि आजूबाजूच्या घरांना साजेसे हवेत. शिवाय २०२१ च्या सुधारणेनंतर, चाळीसपेक्षा जास्त घरांच्या असोसिएशनला नकार लेखी द्यावा लागतो, त्यात कारण आणि काय बदललं तर मंजुरी मिळेल हे सांगावं लागतं, आणि तीस दिवसांत मागणी केली तर मंडळापुढे सुनावणी मिळते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सी किंवा जॉर्जियात बसून हे कलम तोंडावर फेकू नका.

"डिडक्टिबल आम्ही सोडून देऊ"

डिडक्टिबल म्हणजे दाव्यातली आपण स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. ही ऑफर ऐकली की दार लावून घ्या. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये रूफरने डिडक्टिबल माफ करणं किंवा बिल फुगवून ते भरून काढणं बेकायदा आहे, आणि तुम्ही ते भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. रूफरला तुमच्या वतीने दाव्याची वाटाघाटही करता येत नाही. विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरला (नुकसान तपासणाऱ्याला) नुकसान दाखवायला तो छपरावर हजर राहिला तर हरकत नाही.

आता हिशेब. वादळ-गारांसाठीचं डिडक्टिबल बहुतेकदा ठरावीक रकमेत नसून घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात असतं. समजा घराचा विमा ५ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर. नवं छप्पर १८,००० चं, जुन्याची घसारा रक्कम ७,०००. पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची असेल तर आधी १,००० चा चेक येतो आणि काम पूर्ण झाल्याची कागदपत्रं दिल्यावर ७,००० चा दुसरा. पॉलिसी 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू'ची असेल तर तो पहिला हजारच, बाकी सगळी पदरमोड. पॉलिसीच्या नूतनीकरणात जुन्या छपराचं कव्हर गुपचूप पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात गेलेलं असू शकतं. पॉलिसीचं डिक्लेरेशन पान (कव्हरचा सारांश) उघडून आजच पाहा, वादळाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. दुसऱ्या चेकलाही मुदत असते. कमिटीची मंजुरी लांबली तर अ‍ॅडजस्टरला ते लेखी कळवून मुदतवाढ मागावी.

क्लास ४ शिंगल्सचा विचार याच टप्प्यावर करायचा. यूएल २२१८ या चाचणीत दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा पाडतात. तरीही शिंगल फुटलं नाही, तर तो सगळ्यात वरचा दर्जा, क्लास ४. टेक्ससमधल्या अनेक विमा कंपन्या त्यावर हप्त्यात सवलत देतात, पण रूफरने सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते काम संपल्यावर मागायला गेलात की फोन उचलला जात नाही. शेवटचा चेक देण्याआधी ते घ्या. आणखी एक बारीक अक्षर: सवलतीबरोबर कधी कधी 'कॉस्मेटिक डॅमेज'चं, म्हणजे फक्त दिसण्यातल्या नुकसानीचं, कव्हर वगळलेलं असतं. ११ एप्रिल २०१६ ला वायलीत पडल्या तशा प्रचंड गारांपुढे मात्र कोणताही दर्जा टिकेल अशी आशा ठेवू नये.

एका ओळीचं कोटेशन

"संपूर्ण छप्पर, ३० स्क्वेअर, इतके डॉलर." एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट, एवढंच यातून कळतं. स्वस्त आणि महाग कोटेशनमधला फरक शिंगलमध्ये क्वचितच असतो. तो असतो छप्पर जिथे भिंतीला किंवा धुराड्याला टेकतं तिथल्या फ्लॅशिंगच्या धातूच्या पट्ट्यांत, पाइपांभोवतीच्या रबरी बूटांत, कडेच्या ड्रिप एजमध्ये, खालच्या अंडरलेमेंटमध्ये. जुनं फ्लॅशिंग तसंच ठेवून वर रंग मारणं ही नेहमीची काटकसर, आणि पुढची गळतीही नेमकी तिथूनच. प्रत्येक गोष्ट नवी की जुनीच, हे लिहून घ्या. कुजलेल्या लाकडी फळ्यांचा, म्हणजे चार बाय आठ फुटी डेकिंगचा, प्रति नग दर आधीच ठरवा. छप्पर उघडं पडल्यावर, आकाशात ढग असताना घासाघीस करायची वेळ आली तर जिंकणारा तुम्ही नसता.

जुन्या थरावर नवा थर चढवण्याची सूचना बहुतेक वेळा नाकारावी. नमुना बांधकाम संहिता दोनपेक्षा जास्त थर चालू देत नाही, आणि एका थरावरही दुसरा चढवला की खालचं कुजकं लाकूड दिसतच नाही.

वायुवीजनाकडे तर कोणी बघतच नाही. कण्यावरचं रिज व्हेंट गरम हवा बाहेर सोडतं, पण बाहेरची हवा आत यायला खाली सॉफिटच्या (छपराच्या पुढे आलेल्या कडेखालच्या) जाळ्या मोकळ्या हव्यात. इन्सुलेशनने त्या बुजल्या असतील तर वरचं व्हेंट शोभेचं. नवं रिज व्हेंट लावून जुना विजेचा अ‍ॅटिक फॅनही चालू ठेवला, तर फॅन वरच्याच व्हेंटमधून हवा ओढतो आणि खालची गरमी तशीच राहते. दोन्हींपैकी एक निवडा.

खिळ्यांचंही विचारा: वाऱ्याच्या भागात एका शिंगलला चारऐवजी सहा, आणि आखलेल्या रेषेवरच. कॉम्प्रेसरचा दाब जास्त ठेवला की खिळा शिंगल फाडून आत जातो. ते जमिनीवरून दिसत नाही, म्हणून पहिल्या उतारावर काम सुरू असतानाच फोटो मागावेत.

कामाच्या दिवशी

आपल्याकडे अ‍ॅटिकमध्ये भारतवारीच्या बॅगा आणि गणपतीचं मखर असतंच. सगळ्यावर चादरी टाका, कारण जुन्या छपराचा भुगा फटींतून खाली येतो. भिंतींवरच्या तसबिरी आणि देवघरातल्या काचेच्या फ्रेम उतरवून ठेवा, ठोकाठोकीने पडतात. गाड्या आदल्या रात्रीच रस्त्यावर लावा. कचऱ्याचा डंपस्टर ड्राइव्हवेत किती दिवस चालतो आणि कामाच्या वेळा काय, हे असोसिएशनला विचारा. शहराचा परवाना लागतो का, तेही पाहा. असोसिएशनची मंजुरी म्हणजे शहराचा परवाना नव्हे.

काम संपल्यावर एक तपासणी चुकवू नका. वॉटर हीटर आणि फर्नेसच्या धुराचा पाइप ठोकाठोकीत सांध्यातून निखळू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. अ‍ॅटिकमध्ये जाऊन सांधे पाहा, अलार्म चालू आहे याची खात्री करा. खिळे गोळा करायला लोहचुंबक अंगणातून दोनदा फिरवायला लावा, मुलं अनवाणी पळतात त्या मागच्या बाजूलाही. शेवटची रक्कम देताना रूफरकडून आणि माल पुरवणाऱ्याकडून लीन वेव्हर, म्हणजे घरावर बोजा चढवण्याचा हक्क सोडल्याचा कागद, घ्या. रूफरने पुरवठादाराचे पैसे बुडवले तर बोजा तुमच्या घरावर चढू शकतो.

नंतर काही बिघडलं तर

नव्या छपराखाली छतावर डाग दिसला की आधी जागा पाहा. पाइप किंवा धुराड्याजवळ, पावसानंतर वाढणारा असेल तर फ्लॅशिंग किंवा बूट. पाऊस नसताना, थंडीत, बाथरूमच्या वर असेल तर एक्झॉस्टचा पाइप छपराला न जोडता अ‍ॅटिकमध्येच सोडलाय का ते बघा. गळती नसते ती, वाफ असते.

गटरमध्ये सुरुवातीला शिंगलवरचे खडीसारखे दाणे येणं स्वाभाविक आहे. वर्षभरानेही मूठमूठ येत राहिले तर बोलवा. शिंगल्सच्या कडा उचललेल्या दिसत असतील आणि काम हिवाळ्यात झालं असेल, तर ऊन लागून डांबराची पट्टी चिकटेपर्यंत थांबावं लागतं. उन्हाळ्यातही तसंच असेल तर ती वॉरंटीची तक्रार. कंपनीची वॉरंटी मालाची, रूफरची कामाची. दोन्ही वेगळ्या, दोन्ही लेखी हव्यात.

दमट भागात काही वर्षांनी काळे ओघळ येतात आणि असोसिएशनचं पत्रही. ती शेवाळासारखी वाढ आहे. प्रेशर वॉशरने धुऊ नका, दाणे उडतात. शिंगल कंपनीने सांगितलेलं सौम्य ब्लीच-पाण्याचं मिश्रण वापरावं, खालची झाडं आधी आणि नंतर भिजवून घ्यावीत.

आणि रंग चुकल्याची नोटीस आलीच, तर पहिल्यांदा मंजुरीपत्र, करार आणि शिंगल्सच्या गठ्ठ्याचं वेष्टन शेजारी शेजारी मांडा. वेष्टनावर मालिका आणि रंग छापलेला असतो, म्हणून एक वेष्टन आणि उरलेले चार-सहा शिंगल्स गॅरेजमध्ये ठेवायचेच. करारात एक आणि वेष्टनावर दुसरं असेल तर चूक रूफरची, आणि बदलाचा खर्चही त्याच्याकडे मागता येतो. करारातच चुकीचा रंग असेल तर कमिटीकडे नियमातून सूट मिळण्याचा अर्ज करा, दिलेल्या मुदतीतच सुनावणी मागा आणि आजूबाजूच्या मंजूर घरांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो बरोबर न्या.