सिलिंगच्या वरची वायरिंग: फिल्डवर नवीन आलेल्या पोरांसाठी

आयटीआय करून नुकतीच कामाला लागलेली पोरं हमखास विचारतात, की फॉल्स सिलिंगच्या वर जे झाकूनच जाणार तिथं एवढं नीट काम कशाला, ठेकेदार पॉइंटवर पैसे देतो, पाइप सरळ नेला काय अन् तिरका नेला काय, जास्तीचे कोण देत नाही. प्रश्न बरोबर आहे, म्हणून सांगली-मिरजेकडच्या साइटवर जे बघितलं, शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट, वायरिंगचा भार स्लॅबवर पाहिजे, सिलिंगवर अजिबात नाही. पीव्हीसी पाइप असेल तर दोन फुटावर एक सॅडल (पाइप स्लॅबला पकडणारी पट्टी), बेंड आणि कपलरच्या (दोन पाइप जोडणारा तुकडा) दोन्ही बाजूला फूटभराच्या आत एकेक. सिलिंगवाल्याची पट्टी किंवा तार समोर लटकत असते, तिलाच केबल टाय मारून मोकळं व्हावंसं वाटतं, पण ते करू नका. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम 300.11 यासाठीच आहे, सिलिंग ज्या तारांवर टांगलंय त्यांच्यावर वायरिंग टांगायची नाही, पाहिजे तर स्वतंत्र तार लावा आणि ती वेगळी ओळखू येऊ दे. आपल्याकडे वायरिंगचं भारतीय मानक आयएस 732 आहे, 2019 ची आवृत्ती, ती एकदा स्वतः वाचा, नुसतं मिस्त्री सांगतो त्यावर राहू नका. पंखा आणि जड झुंबर पण स्लॅबमधल्या हुकालाच, सिलिंगच्या जिप्सम बोर्डाला नाही.

आता सिलिंगच्या पत्र्याच्या फ्रेमवर वायर टाकली तर काय होतं ते सांगतो. एका कापड दुकानात सिलिंग झालं, रंग झाला आणि आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडायला लागला, मालक म्हणे आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका. आम्ही एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे लाइटला सप्लाय देणारे डबे, सोडवले (ते सोडवल्याशिवाय मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारायचा नाही, रीडिंग चुकतं आणि ड्रायव्हर पण जातात) आणि एकेक सर्किट वेगळं करून 500 व्होल्टचा मेगर लावत गेलो. एका सर्किटला फेज-अर्थ रीडिंग जवळजवळ शून्य, म्हणजे फेज कुठंतरी अर्थला लागलेली. तिथला लाइट काढून भोकातून मोबाइलच्या बॅटरीनं बघितलं तर फ्लेक्झिबल पाइप सरळ फ्रेमच्या चॅनलवर झोपवलेला आणि जिप्समचा स्क्रू खालून त्यात घुसलेला, टोकाला लाल वायरचं तांबं चमकत होतं. हिशोब साधा आहे, जिप्सम बोर्ड 12.5 एमएमचा, स्क्रू 25 एमएमचा, म्हणजे अर्धा इंच टोक चॅनलच्या वर निघणारच, तिथं वायर असली की भोसकली जाणार. आणि आरसीसीबी पडला तो फ्रेम एसीच्या अर्थ असलेल्या तांब्याच्या पाइपला टेकली होती म्हणून. ती टेकली नसती तर फ्रेमला अर्थच नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडण्याएवढा करंट जातच नाही, सगळी फ्रेम 230 व्होल्टनं लाइव्ह राहिली असती आणि पुढं कुणीतरी लाइट बदलायला हात घातला असता. त्यामुळं आरसीसीबी काढा म्हणणाऱ्या मालकाचं कधी ऐकायचं नाही, आधी फॉल्ट शोधायचा.

जॉइंट. शक्यतो सिलिंगच्या वर जॉइंटच नको, लूप करून पॉइंटवर किंवा स्विचबोर्डात घ्या. द्यावाच लागला तर झाकण असलेल्या बॉक्समध्ये, चांगल्या कनेक्टरनं, आणि तो बॉक्स ट्रॅप डोअरमधून (सिलिंगमधलं उघडायचं झाकण) हाताला लागला पाहिजे. पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट वर सोडून देणं हे मला बघवत नाही, उन्हाळ्यात वरच्या उष्णतेनं टेपचा गोंद सुटतो, जॉइंट ढिला पडून तापतो आणि खाली कुणाला पत्ता नसतो. 2019 च्या महापुरानंतर नदीकडच्या तळमजल्याच्या दुकानांची सिलिंगं उघडली तेव्हा असे टेपचे जॉइंट हिरवे पडलेले खूप निघाले.

बाकी छोट्या गोष्टी: पाइप 40 टक्क्यांच्या वर भरू नका, उघडी वायर ठेवलीत तर उंदीर सोडत नाहीत, सीसीटीव्ही आणि नेटची केबल पॉवरच्या पाइपात घालायची नाही, एसीच्या ड्रेन पाइपच्या खालून वायर न्यायची नाही. डाऊनलाइटला फूटभर वायर जास्त सोडा, म्हणजे पुढच्या माणसाला स्टुलावर उभं राहून लाइट खाली ओढून बदलता येतो.

सिलिंगवाल्याशी मात्र आधीच बोलून ठेवा. फ्रेम झाली आणि बोर्ड लागायचे आहेत, तेवढाच वेळ आपला असतो, त्यात परत एकदा मेगर मारा. 1 मेगाओमच्या खाली आलं तर बोर्ड लावूच द्यायचा नाही (नवीन वायरिंगला रीडिंग याच्या कितीतरी वर येतं), मग सिलिंगवाला कितीही ओरडू दे. त्याच वेळी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीपासून मापाची टेप लावून, म्हणजे पाइप कुठून गेलाय ते मापासकट दिसतं. एक कॉपी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सर्किटची यादी लिहून डीबीच्या (एमसीबीच्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवा.