विचित्र नाणे: टांकसाळीची चूक की नंतरची इजा?

हातात आलेले नाणे काहीतरी वेगळे दिसते आहे? मग ते किती दुर्मिळ, हा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी एकच विचारा: नाणे घडताना नेमक्या कोणत्या टप्प्यावर हे असे होऊ शकले असते? तो टप्पा सापडत नसेल, तर बहुतेक वेळा ती टांकसाळीबाहेर झालेली इजाच असते.

टप्पे मोजकेच आहेत. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात, तापवून मऊ केल्या जातात, मग दाब देऊन त्यांची कड किंचित उचलली जाते. ही चकती एका कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये बसते आणि वरखालच्या दोन डायमध्ये, म्हणजे नक्षी कोरलेल्या ठशांमध्ये, दाबली जाते. त्या क्षणी धातू अक्षरशः वाहतो आणि डायच्या खाचांत भरतो. डाय नाण्याच्या उलट असतो: डायवर जे खोल, ते नाण्यावर उंच. हे डोक्यात पक्के बसले की निम्मे काम झाले.

दहापट दाखवणारे भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, चुंबक आणि तुलनेसाठी त्याच प्रकारचे एक चांगले नाणे जवळ घ्या. नाणे कडांना धरूनच हाताळा. धुऊ नका, घासू नका. घासले की पृष्ठभागावरचे बारीक पुरावे जातात आणि नाणे खरोखर टांकसाळीची चूक (एरर) निघाले तरी त्याचे मोल घसरते.

१. वजन आणि व्यास

कॉलरशिवाय ठसा उमटलेले नाणे पसरट होते: व्यास वाढलेला, कड गुळगुळीत, वजन मात्र बरोबर. ठोकून पसरवलेल्या नाण्याचेही वजन बरोबरच भरते, पण त्याची अक्षरे चेपलेली असतात. आम्लात बुडवलेले नाणे हलके आणि बारीक होते, आणि त्यावरचे सगळे तपशील सारखेच विरघळल्यासारखे दिसतात. रंग चुकीचा वाटला तर चुंबक लावा. अमेरिकेचे 1943 चे एक सेंटचे नाणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्या वर्षी ती नाणी जस्ताचा थर दिलेल्या पोलादाची निघाली. चुकून तांब्याच्या मिश्रधातूवर उमटलेली अगदी थोडी. म्हणून पोलादी नाण्यांवर तांब्याचा मुलामा चढवून ती विकली जातात. चुंबकाला चिकटले की विषय संपला.

२. रेघ उंच आहे की खोल?

दिवा बाजूने, अगदी खालच्या कोनात धरा आणि नाणे हळूहळू फिरवा. डायला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर तारेसारखी उंच, नागमोडी रेघ येते. ती अक्षरावरूनही तशीच चढून पलीकडे जाते आणि अक्षर कुठे फाटलेले नसते. ओरखडा याच्या उलट: मध्ये खोल चर आणि दोन्ही काठांवर उसवलेल्या धातूची बारीक भिंत. ती भिंत दिसली की धातू नंतर ढकलला गेला आहे.

अक्षर गायब असेल तर तिथला पृष्ठभाग पाहा. डायच्या खाचेत वंगण भरले असेल तर अक्षर पुसट येते, पण भोवतालची झळाळी सलग राहते. खरवडून काढले असेल तर तिथे खळगा किंवा पुसल्याच्या रेघा सापडतात.

३. दुसरी बाजू सोडू नका

सर्वाधिक फसवणूक इथेच पकडली जाते, म्हणून इथे वेळ द्या. नाण्याचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल, तर बरोबर समोरची कड पाहा. चकती आधीच अपुरी कापली गेली असेल, तर कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही आणि तिथली कड बसकी राहते. शिवाय तुटीजवळची अक्षरे त्या दिशेला ओढल्यासारखी दिसतात. कात्रीने किंवा कानसीने कापलेल्या नाण्यात अक्षरे जिथल्या तिथे चिरलेली असतात. समोरची कड बसकी नाही, एवढ्यावरून मात्र नाणे बाद करू नका. ही खूण अशा प्रत्येक खऱ्या नाण्यावर उमटतेच असे नाही.

कडेलगत फुगवटा असेल तर डायचा तुकडा उडालेला असू शकतो. मग त्याच्या बरोबर मागच्या जागेची नक्षी पुसट हवी, कारण तिथे दाबच पोचला नाही. मागची नक्षी ठळक असेल तर नंतर वितळवून चिकटवलेल्या धातूचा, म्हणजे डाखाचा, संशय घ्या.

एका बाजूला उलटी, खोल प्रतिमा दिसते? दोन नाणी शिकंज्यात दाबूनही ती उमटते. पण तेव्हा खालची मूळ नक्षी चेपलेल्या स्थितीत शिल्लक असते.

४. दुहेरी अक्षरे

डाय घडवतानाच नक्षी दोनदा उमटली असेल तर दोन्ही प्रती उंच, गोलसर असतात आणि अक्षरांच्या टोकांशी दुभंग दिसतो. अमेरिकेच्या 1955 च्या काही एक सेंट नाण्यांवर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दाबल्यानंतर डाय हलला तर मात्र अक्षराच्या बाजूला सपाट पायरी तयार होते आणि अक्षर तेवढेच अरुंद होते. हे टांकसाळीतच घडते, पण संग्राहक त्याला फारसे मोल देत नाहीत.

५. कड

कपडे वाळवण्याच्या यंत्रात अडकून राहिलेल्या नाण्याची कड आत वळते आणि जाड होते, अक्षरे तिच्याखाली दडपली जातात. दोन्ही बाजूंना एकच चित्र असेल तर कडेच्या आतल्या बाजूला केसाएवढी सांध्याची रेघ शोधा. बहुतेक अशी नाणी एक नाणे पोखरून त्यात दुसऱ्याचा अर्धा भाग बसवून केलेली असतात.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर वजन, व्यास, चुंबकाचा निकाल आणि दोन्ही बाजूंसह कडेचे, तिरप्या उजेडातले फोटो घेऊन जाणकाराकडे जा. नाणे तोवर पीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीमुळे धातूवर हिरवट, चिकट थर चढतो.