उघड्या चिलरची वीज वाचवायची तर आधी माल नीट लावा

सुपरमार्केटमधल्या उघड्या, उभ्या चिलरला दार नसतं; वरच्या जाळीतून खाली पडणारा थंड हवेचा झोतच बाहेरची हवा अडवतो. अशा चिलरवरचा थंड करण्याचा सुमारे तीन चतुर्थांश भार दुकानातली गरम हवा आत शिरल्यामुळेच येतो. दह्याचे कप, पनीरची पाकिटं फळीच्या कडेबाहेर आली किंवा खालची, झोताची हवा परत आत ओढणारी जाळी दुधाच्या पिशव्यांनी झाकली गेली, की झोत फुटतो आणि कॉम्प्रेसर धावतच राहतो. टिश्यूची पट्टी खालच्या जाळीशी धरून बघा, ती आत ओढली गेली पाहिजे. पंख्याचा, एसीचा वारा चिलरवर नको. रात्री दुकान बंद करताना चिलरचा पडदा खाली ओढा. पडदाच नसेल, तर माझ्या मते पहिला खर्च त्यावरच करावा. काचेची दारं नंतर.