नर्सिंगच्या मुलींना डोसचं गणित कसं शिकवावं

ए.एन.एम.च्या (सहायक परिचारिका-प्रसूतिका अभ्यासक्रमाच्या) नव्या तुकडीत पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी सांगतंच, "मॅडम, माझं गणित कच्चं आहे." दहावीत कसंबसं सुटलेलं गणित इथे पुन्हा गाठणार म्हणून ती धास्तावलेली असते. हीच मुलगी बाजारात अडीचशे ग्रॅम मिरचीचे पैसे मनातल्या मनात काढते. हिशेब तिला येतो. तो औषधाच्या बाटलीशी जोडून देणं हे आपलं काम. अनेक तुकड्यांना शिकवून माझा क्रम आता असा ठरला आहे.

सूत्राआधी सिरिंज

पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहू नका. वाटीत पाणी घ्या, ५ मिलीची सिरिंज हातात द्या आणि "दीड मिली ओढ" एवढंच सांगा. या सिरिंजवर १ आणि २ च्या मध्ये सहसा पाच घरं असतात, म्हणजे एक घर ०.२ मिलीचं. दीड तिथे रेघेवर येतच नाही, १.४ आणि १.६ च्या मध्ये पडतं. बऱ्याच मुली एकच्या पुढे पाच रेघा मोजतात आणि थेट २ वर पोचतात. लगेच दुरुस्त करू नका, शेजारणीच्या सिरिंजशी ताडून बघू द्या. मग तेच २ मिलीच्या सिरिंजने करायला लावा. तिथे घर ०.१ चं, दीड बरोबर रेघेवर बसतं. "आधी घर केवढं ते बघ" हे त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

पाव, सव्वा, दीड

आपल्या भाषेत अपूर्णांकांना सुटसुटीत नावं आहेत. जुन्या पिढीने तर पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेली असायची. त्याचा फायदा घ्या. पाव म्हणजे ०.२५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५. एवढं जुळलं की दशांशाची भीती निम्मी होते. लिहिताना मात्र कडक राहा. ०.५ मधलं आधीचं शून्य गाळायचं नाही, आणि ५ ला ५.० लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की त्याचे पन्नास होतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना आणखी एक सांगा: चार्टवर आकडे इंग्रजीतच. घाईत लिहिलेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो.

ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम: प्रत्येक पायरी हजाराची. हे पाठच हवं.

एक बाळ, तीन बाटल्या

माझा सगळ्यात आवडता तास हा. टेबलावर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या ठेवा: ५ मिलीत १२५ मिग्रॅचं सिरप, ५ मिलीत २५० मिग्रॅचं सिरप आणि १ मिलीत १०० मिग्रॅचे ड्रॉप्स. बाळ १० किलोचं, डॉक्टरांनी किलोला १५ मिग्रॅ लिहिलंय, म्हणजे एका वेळी १५० मिग्रॅ. किती मिली द्यायचं?

पेन उचलू देऊ नका. आधी विचारा, "पहिल्या बाटलीतून ५ मिलीपेक्षा जास्त लागेल की कमी?" ५ मिलीत १२५ आहेत, आपल्याला १५० हवेत, म्हणजे थोडं जास्त. आता मांडणी: हवे ते भागिले असलेले, गुणिले किती मिलीत. उत्तर ६ मिली. दुसऱ्या बाटलीतून ३, ड्रॉप्समधून दीड. मग विचारा, ड्रॉप्समधूनच ६ मिली दिलं तर? ६०० मिग्रॅ, चौपट डोस. वर्ग एकदम शांत होतो. लेबल का वाचायचं ते त्या क्षणी कळतं.

सलाईनचे थेंब

एकूण मिली गुणिले सेटचे (म्हणजे सलाईनच्या नळीचे) १ मिलीला पडणारे थेंब, भागिले एकूण मिनिटं. ५०० मिली ६ तासांत, २० थेंबांचा सेट: १०,००० भागिले ३६०, म्हणजे मिनिटाला साधारण २८. बादलीवर बाटली टांगून, घड्याळ लावून प्रत्येकीला ड्रिप जुळवू द्या.

१ मिलीला किती थेंब, ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, तेही वाचायला लावा. मी नवी असताना एका रात्रपाळीत हाती ६० थेंबांचा मायक्रो सेट होता आणि मी सवयीने २८ च थेंब लावले. सहा तासांनी बाटलीतलं दोन तृतीयांश पाणी तसंच होतं. सिनियर सिस्टरांनी टाकलेलं पाकीट उचलून माझ्या हातात ठेवलं. तेव्हापासून दुसरी तपासणीही शिकवते: तासाभराने बाटलीची पातळी बघ, ८० ते ८५ मिली उतरलं का?

इन्सुलिन शेवटी, सावकाश

आपल्याकडे १ मिलीत ४० युनिटच्या व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) चालतात, १०० युनिटचं इन्सुलिनही मिळतं. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अर्धा मिली जातं, म्हणजे ५० युनिट. साखर धोकादायक खाली येईल. दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवून, पाणी भरून हा फरक डोळ्यांनी दाखवा.

परीक्षेत इथे पाचपैकी चार चालत नाहीत. चुकलेलं गणित दोन दिवसांनी, आकडे बदलून पुन्हा द्या, पाचही बरोबर येईपर्यंत. आणि जोडीने तपासायला लावताना दोघींनी वेगवेगळं सोडवायचं, एकीचं उत्तर दुसरीने आधी बघायचं नाही.