ओमाहाचे जुने सामने बघायचे तर

माझं काम आवाजाचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची ध्वनिमुद्रणं साफ करते. त्यामुळे अमेरिकेतल्या ओमाहा शहरात होणाऱ्या कॉलेज बेसबॉलच्या अंतिम स्पर्धेची, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीजची ओढ मला डोळ्यांआधी कानांनी लावली. अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटीचा तो ‘टिंग’ एकदा ऐकला आणि जुन्या प्रक्षेपणांच्या मागेच लागले. गेली काही वर्षं हे सामने क्रमाने बघते आहे. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांच्यासाठी लिहिते.

पहिली गोष्ट, वेचक क्षणांच्या तुकड्यांपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली होती. 1996 च्या अंतिम सामन्यातला शेवटचा फटका मी आधी मिनिटभराच्या तुकड्यात पाहिला. छान वाटला, विसरले. पुढे सगळा सामना सलग पाहिला तेव्हा तोच फटका बघताना हात थरथरत होते. म्हणून एक पूर्ण सामना निवडा, निकाल माहीत असला तरी चालेल, आणि पहिल्या इनिंगपासून बसा.

बसण्याआधी एका कागदावर चार वर्षं लिहून ठेवा: 1980, 1988, 2003, 2011. बाकी इतिहास या चार खुंट्यांना टांगता येतो.

ही स्पर्धा 1947 साली मिशिगनमधल्या कॅलामाझूत सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी येल विद्यापीठाच्या संघात फर्स्ट बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावर) जॉर्ज बुश होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश. 1950 पासून स्पर्धा नेब्रास्कातल्या ओमाहाला आली ती तिथलीच झाली. पण घराघरात पोहोचली ती ईएसपीएनमुळे. ही केबल वाहिनी सप्टेंबर 1979 मध्ये सुरू झाली. चोवीस तास खेळ दाखवायचे तर तेवढे सामने हवेत, आणि जूनमध्ये ओमाहात दिवसामागून दिवस सामने होतच होते. 1980 पासून तिने ते दाखवायला घेतले. त्या वर्षी अ‍ॅरिझोनाने हवाईला हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला टेरी फ्रँकोना. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे बोस्टन रेड सॉक्स या व्यावसायिक संघाचा मॅनेजर म्हणून तो पुन्हा भेटतो.

या काळातलं काही बघायचं तर 1982 मध्ये मायामीने केलेली फसवणूक शोधा. विचिटा स्टेटचा फिल स्टीफन्सन फर्स्ट बेसवर आहे, बेस चोरण्यात, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसवर पळण्यात, त्या मोसमातला अव्वल. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, फर्स्टकडे चेंडू फेकल्याचं नाटक करतो. फर्स्ट बेसमन हुकलेल्या चेंडूमागे झेप घेतो. डगआऊटमधले, म्हणजे मैदानालगतच्या बाकांवरचे, खेळाडू ओरडतात, बाहेर बसलेले बोटं दाखवतात. स्टीफन्सन सेकंडकडे धावतो आणि अलगद बाद होतो, कारण चेंडू पिचरच्या हातातून सुटलेलाच नसतो. हे दोनदा बघा. पहिल्यांदा चेंडू शोधा. दुसऱ्यांदा कॅमेरा कुठे वळतो तेवढंच बघा.

आता 1988. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण टेलिव्हिजनने खेळाचा साचाच कसा बदलला ते इथे उघड दिसतं. तोपर्यंत आठही संघ एकाच गटात खेळत आणि दोन पराभव झाले की संघ बाहेर, असा नियम होता. खेळ म्हणून तो न्याय्य होता. पण विजेता नेमका कोणत्या दिवशी ठरणार हे आधी सांगता येत नसे. केबलला ते चालतं, आज नाही तर उद्या दाखवतील. देशभर अँटेनावर फुकट दिसणाऱ्या सीबीएससारख्या नेटवर्कला मात्र दिवस आणि वेळ आधी पक्की लागते. म्हणून 1988 पासून चार-चार संघांचे दोन गट केले. गटात दोन पराभवांचा नियम तसाच राहिला, पण गटविजेत्यांमध्ये एकच अंतिम सामना, शनिवारी दुपारी, सीबीएसवर. यात एक अन्याय होता आणि तो मला अजून टोचतो: गटात एकदाही न हरलेला संघ शनिवारी एकदाच हरला की संपला. बाकी सगळ्यांना दोन पराभवांची मुभा, आणि ज्याचा एकही झालेला नाही त्याला शेवटी ती नाही.

पण याच व्यवस्थेने 8 जून 1996 चा शनिवार दिला, हेही खरं. तो असा बघा. शेवटची इनिंग येईपर्यंत उठू नका. मायामी 8-7 ने पुढे. एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) दोन बाद, एक रनर थर्ड बेसवर. बॅटिंगला येतो वॉरन मॉरिस, क्रमातला नववा. हाताचं हाड मोडल्यामुळे बराच मोसम बाहेर बसलेला, आणि त्या मोसमात एकही होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे गेलेला फटका, नाही. पहिलाच चेंडू, कर्व्ह, म्हणजे वळणारा. फटका उंच जात नाही, सरळ रेषेत उजवीकडच्या कुंपणावरून जेमतेम निघतो. रनर आणि मॉरिस, दोघांच्याही धावा, 9-8. इथे आवाज वाढवा. बॅटीचा टिंग, मग जेमतेम एक श्वास भरेल एवढी पोकळी, मग गर्दी. ती पोकळी मी कितीदा ऐकली असेल, मोजदाद नाही. मग चित्राकडे या: मायामीचे खेळाडू जिथे होते तिथेच जमिनीवर कोसळलेले. त्यांत पालथा पडलेला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे अ‍ॅलेक्स कोरा. तोही पुढे रेड सॉक्सचा मॅनेजर झाला. 2004 आणि 2007 चं विजेतेपद फ्रँकोनाच्या हाताखाली, 2018 चं कोराच्या.

मुद्रणावर वर्ष लिहिलेलं नसेल तर कानांवर विसंबा. कॉलेजमध्ये धातूच्या बॅटी 1974 पासून आल्या. नव्वदच्या दशकात त्या इतक्या जोरकस झाल्या की 1998 चा अंतिम सामना साउदर्न कॅलिफोर्नियाने अ‍ॅरिझोना स्टेटविरुद्ध 21-14 असा जिंकला. तो पूर्ण बघायची गरज नाही, तीन इनिंग पुरे. त्यानंतर बॅटीचे नियम कडक होत गेले आणि 2011 पासून लागू झालेल्या नव्या मानकाने चेंडूची उसळी लाकडी बॅटीच्या जवळ आणली. नव्या बॅटीचा आवाज मला तरी बसका वाटतो. शंका असेल तर स्टेडियम बघा: 2010 पर्यंत रोझेनब्लाट, 2011 पासून शहराच्या मध्यभागातलं नवं मैदान. रोझेनब्लाटमधला शेवटचा सामनाही जरूर बघा. 2010, साउथ कॅरोलिना विरुद्ध यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ), नेहमीच्या नऊऐवजी अकरा इनिंग, 2-1.

नव्या मैदानात होम रन इतके आटले की 2014 च्या अख्ख्या स्पर्धेत फक्त 3 झाले. त्यातला तिसरा निर्णायक सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये, बरोबरी असताना व्हँडरबिल्टच्या जॉन नॉरवूडने मारला आणि व्हर्जिनियाविरुद्ध 3-2 ने विजेतेपद नेलं. मागे 21-14 चा गोंधळ ऐकून आलात तर हा एक फटका किती महाग आहे ते आपोआप कळतं. पुढच्याच वर्षी चेंडूची शिवण चपटी केली, म्हणजे तो लांब जावा.

राहिलं 2003. त्या वर्षापासून अंतिम फेरी ईएसपीएनकडे गेली आणि एका सामन्याऐवजी तीनपैकी दोन जिंकण्याची मालिका आली. वाहिनीला एकाऐवजी दोन-तीन संध्याकाळी मिळाल्या आणि संघांना एका पराभवाची मुभा परत मिळाली. ही मालिका बघायची ती तिन्ही सामने ओळीने, मधला गाळून नाही.

त्यासाठी 2024 घ्या. शनिवारी टेक्सस ए अँड एमने टेनेसीला 9-5 ने हरवलं. हा सामना संपला की मुद्रण थांबवा आणि 1988 चा नियम आठवा: त्या नियमाने स्पर्धा इथेच संपली असती. आता रविवारचा लावा. तो एबीसीवर होता, म्हणजे पुन्हा नेटवर्कवर, आणि टेनेसीने 4-1 ने जिंकला. सोमवारी 6-5, आणि टेनेसीचं पहिलं विजेतेपद.