पंप ऑपरेटर व्हायचंय? आधी सक्शनचा गेज वाचायला शिका

फायर इंजिनच्या पॅनलसमोर नवीन माणूस उभा केला की त्याचा हात थ्रॉटलवर जातो आणि नजर बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या डिलिव्हरी गेजवर. साहजिकच आहे. आग पुढे, ब्रँच (होजच्या टोकाचा नोझल) धरणारा ब्रँचवाला पुढे, पाणीही पुढेच जायचंय. पण या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: पंपाचे बहुतेक घोटाळे मागच्या बाजूला, म्हणजे पाणी जिथून आत येतं तिथे सुरू होतात. पुढे ते फक्त दिसतात, तेही उशिरा. फोमच्या बाबतीत तर हे आणखीच खरं आहे. त्यामुळे नव्यांना मी पहिल्यांदा सक्शनचा, म्हणजे या आत येणाऱ्या बाजूचा, कंपाउंड गेज वाचायला लावतो. शून्याच्या एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम दाखवणारा तो गेज.

गाडी लावण्याबद्दल थोडक्यात. वारा पाठीशी हवा. इंधन सांडलं असेल तर गाडी चढाच्या बाजूला हवी आणि वरून वीजवाहिनी जात नाही ना हे पाहायचं. हँडब्रेक ओढायचा, चाकांना ठोकळे लावायचे, इंजिन आयडलवर ठेवून उत्पादकाने सांगितलेल्या क्रमानेच पंप जोडायचा. पंप जोडला गेल्याचा दिवा लागल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू नका. काही गाड्यांत एकाच शाफ्टमधून ताकद चाकांकडे तरी जाते नाहीतर पंपाकडे. हा बदल अर्धवट झाला असेल तर रेस दिल्यावर गाडी सरकते, आणि गाडीभोवती होज अंथरणारी आपलीच माणसं असतात.

आता हिशेब. २० मिलिमीटरचा साधा नोझल ७ बार दाबाला मिनिटाला साधारण ७०० लिटर पाणी सोडतो. गाडीच्या टाकीत ४५०० लिटर असतील तर एका लाइनला सहा मिनिटं आणि वर काही सेकंद मिळतात. दोन लाइन चालू असतील तर जेमतेम तीन. आत धुरात असलेल्या ब्रँचवाल्याला हे कळायचा काही मार्ग नाही. टाकीची पातळी फक्त तुम्हाला दिसते. निम्मी झाली की वॉकीटॉकीवर कळवा, पाव राहिली की पुन्हा कळवा आणि कोणीतरी ऐकल्याचं उत्तर येईपर्यंत सोडू नका. पाणी संपल्यावर सांगून उपयोग नाही, त्यांना बाहेर यायलाही पाणी लागतं.

हायड्रंट (जलवाहिनीवरचा आगीसाठीचा नळ) जोडला की बरेच जण निश्चिंत होतात. खरा अभ्यास तिथून पुढे आहे. समजा पाणी वाहत नसताना गेज ४ बार दाखवतोय. एक लाइन चालू केली आणि तो ३ वर आला. घट १ बारची, म्हणजे अजून भरपूर शिल्लक, असं वाटतं. पण पाइपातलं घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेवढीच दुसरी लाइन काढली तर प्रवाह दुप्पट होईल आणि घट चौपट, म्हणजे ४ बार. शिल्लक शून्य! पहिल्या लाइनच्या वेळी सुई किती उतरली हे ज्याने पाहिलंय, तो दुसरी लाइन मागणाऱ्याला आधीच सांगू शकतो की पूर्ण मिळणार नाही. आत येणारा दाब साधारण १.४ बारच्या खाली जाऊ देऊ नये, असा व्यवहारातला दंडक आहे. त्याखाली गेलात की मऊ होज चपटा होऊ लागतो आणि जलवाहिनीत बाहेरचं घाण पाणी ओढलं जायचा धोका वाढतो. अशा वेळी थ्रॉटल वाढवणं सगळ्यात वाईट. एखादी लाइन बारीक करा किंवा दुसरा हायड्रंट शोधायला सांगा.

तलाव, विहीर किंवा नदीवरून पाणी उचलायचं असेल तर एक गोष्ट डोक्यात बसवा. पंप पाणी 'खेचत' नाही. पंपातली हवा काढली की बाहेरचा वातावरणीय दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब कागदावर १०.३ मीटर पाणी चढवू शकतो, प्रत्यक्षात ७ मीटरच्या आसपास व्यवहार्य मर्यादा येते. सेंट्रिफ्यूगल पंपाला हवा काढता येत नाही, म्हणून ती काढणारा प्रायमर असतो. प्रायमर चालवताना कंपाउंड गेजकडे पाहा, तो निदान करून देतो. व्हॅक्यूम तयारच होत नसेल तर कुठेतरी हवा शिरतेय: कपलिंगचा वॉशर, उघडा राहिलेला ड्रेन कॉक किंवा एखादा डिलिव्हरी व्हॉल्व. व्हॅक्यूम भरपूर दिसतोय पण पाणी येत नाही, तर स्ट्रेनर (सक्शन होजच्या टोकाची जाळी) चोंदलाय, सक्शन होज आतून बसलाय किंवा उंची जास्त आहे. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले तर निम्मी धावपळ वाचते. पाणी अर्ध्या मिनिटाच्या आसपास चढायला हवं. नाही चढलं तर प्रायमर रेटत बसू नका, थांबून कारण शोधा.

स्ट्रेनर होजच्या व्यासाच्या किमान तिप्पट खोल बुडालेला हवा, नाहीतर भोवरा होऊन हवा आत जाते. तो गाळातही रुतता कामा नये. सक्शन होजचा कुठलाही भाग पंपाच्या तोंडापेक्षा उंच जाऊ देऊ नका. कठड्यावरून होज टाकताना हे हमखास घडतं. त्या उंचवट्यावर हवेचा कप्पा अडकतो आणि पाणी मधूनच तुटतं.

कॅव्हिटेशन कसं ओळखायचं, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. पंपात खडी दळतेय असा आवाज येतो, डिलिव्हरीची सुई थरथरते, आणि मुख्य खूण म्हणजे थ्रॉटल वाढवला तरी दाब वाढत नाही. जितकं पाणी आत येतंय त्यापेक्षा जास्त तुम्ही मागताय. इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या चक्राच्या) तोंडाशी दाब इतका पडतो की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. त्या वाफेचे बुडबुडे पुढे फुटतात आणि धातू कुरतडतात. थ्रॉटल कमी करा, सुई स्थिर होईपर्यंत. पुढून 'दाब वाढव' म्हणून ओरडा होत असताना कमी करायचं, हे मनाला पटत नाही. पण मिळणारं पाणी वाढलेलं नसताना थ्रॉटल वाढवून काहीच मिळत नाही.

पुढच्या बाजूचं थोडं सांगतो. त्याच २० मिलिमीटरच्या नोझलला ७ बारला सुमारे ४४० न्यूटनचा मागे ढकलणारा धक्का असतो, म्हणजे ४५ किलोच्या आसपास. तुम्ही व्हॉल्व झटकन उघडलात तर तो एकदम ब्रँचवाल्याच्या अंगावर येतो. तो शिडीवर असेल तर पुढचं सांगायला नको. 'पाणी द्या' ऐकू आल्याशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं तर सावकाश. बंद करतानाही सावकाश, कारण वाहतं पाणी अचानक अडवलं की वॉटर हॅमर (पाण्याचा दणका) होज फाडू शकतो किंवा कपलिंग उडवू शकतो. दोन लाइन चालू असताना एकाने ब्रँच बंद केली तर दुसऱ्याकडचा दाब उसळतो. त्यासाठी दाब आवरणारा गव्हर्नर किंवा रिलीफ व्हॉल्व आहे, पण तो लावलाय का हे कामाआधी पाहायचं असतं. उंचीचा हिशेब सोपा: दर १० मीटरला १ बार जास्त लागतो.

सगळ्या ब्रँच बंद आहेत आणि पंप मात्र फिरतोय, ही स्थिती वरवर निरुपद्रवी दिसते. आतलं तेच पाणी घुसळून गरम होत राहतं, सील आणि इंपेलर बिघडू शकतात, आणि नंतर ब्रँच उघडणाऱ्याच्या हातावर चटका बसेल इतकं तापलेलं पाणी येऊ शकतं. म्हणून थोडं पाणी टाकीत परत फिरवत ठेवा. पंपाच्या बाहेरच्या कवचावर, म्हणजे केसिंगवर, अधूनमधून हाताची पाठ लावायची सवय चांगली.

आणि कॅप, म्हणजे पंपाच्या तोंडावरचं झाकण. ज्याच्यामुळे माणसं खरोखर जखमी होतात, ती ही क्षुल्लक वाटणारी वस्तू. १०० मिलिमीटरच्या झाकणामागे ७ बार दाब अडकला असेल तर त्या झाकणावर साडेपाचशे किलोच्या आसपास जोर असतो. पंप बंद असला तरी व्हॉल्व आणि कॅपच्या मधे दाब राहू शकतो. आधी ब्लीडर उघडून दाब सोडायचा, मग बाजूला उभं राहून कॅप फिरवायची. कॅप हाताने फिरत नाही म्हणून हातोडा घेणाऱ्याला तिथेच थांबवा. ती का फिरत नाही, हाच तर प्रश्न आहे.

आता फोम. इथे माझा अनुभव असा की पंप उत्तम चालवणारी माणसंही गोंधळतात, कारण फोमला आणखी एक ओढण्याची बाजू असते आणि तिला बहुधा गेज नसतो.

३ टक्के म्हणजे ९७ भाग पाण्यात ३ भाग फोम कंपाउंड. लाकूड, कागद, कपडा यांसाठीचा क्लास ए फोम ०.१ ते १ टक्क्यात वापरतात. पेट्रोल, डिझेलसारख्या द्रवांसाठी क्लास बी. इथेनॉल, मिथेनॉल, ॲसिटोन असे पाण्यात मिसळणारे द्रव साधा फोम खाऊन टाकतात, त्यांना अल्कोहोल रेझिस्टंट कंपाउंडच लागतं. कॅनवरचं लेबल वाचल्याशिवाय कंपाउंड ओढणारी पिकअप ट्यूब बुडवायची नाही. एकाच कंपाउंडला दोन टक्केवाऱ्या लिहिलेल्या असतील तर लहान आकडा हायड्रोकार्बनसाठी आणि मोठा अल्कोहोलसारख्या द्रवांसाठी असतो.

होजच्या मधे जोडून पाण्यात कंपाउंड मिसळणारा इनलाइन इंडक्टर व्हेंच्युरीवर चालतो. पाणी अरुंद गळ्यातून वेगात जातं, तिथे दाब पडतो आणि कंपाउंड ओढलं जातं. याची किंमत म्हणून आलेल्या दाबाचा साधारण एक तृतीयांश भाग इंडक्टरमध्येच खर्च होतो. पुढच्या बाजूचा दाब आलेल्या दाबाच्या ६५ टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक इंडक्टर ओढायचं थांबवतात. पुढे होज लांब असेल, पिळलेला असेल, ब्रँच उंचावर असेल किंवा ब्रँचवाल्याने ती अर्धी बंद केली, तर फोमऐवजी नुसतं पाणी जाईल. इंडक्टर आणि ब्रँच यांचा प्रवाह जुळायला हवा: मिनिटाला ४५० लिटरच्या इंडक्टरला ४५० लिटरचीच ब्रँच. आणि पॅनलवर उभ्या माणसाने पाहायचं ते एकच, कॅनमधली पातळी उतरतेय का. उतरत नसेल तर फोम जात नाहीये, ब्रँचच्या तोंडाशी काही का दिसेना.

अराउंड द पंप प्रकारची प्रणाली असेल तर सापळा वेगळा आहे. यात डिलिव्हरीचं थोडं पाणी व्हेंच्युरीतून फिरून, कंपाउंड घेऊन, परत सक्शनला येतं. सक्शनला चांगलाच दाब असेल तर व्हेंच्युरी ओढतच नाही, उलट पाणी फोम टाकीत शिरू शकतं. म्हणजे हायड्रंट थेट पंपाला जोडला की फोम गेला! हायड्रंटचं पाणी गाडीच्या टाकीत घ्या आणि पंपाला टाकीतून द्या. शिवाय इथे प्रत्येक डिलिव्हरीतून फोमच जातो, एका लाइनला फोम आणि दुसरीला साधं पाणी असं जमत नाही.

कंपाउंडचा हिशेब पाण्यापेक्षा निष्ठुर असतो. मिनिटाला ४५० लिटर आणि ३ टक्के, म्हणजे मिनिटाला साडेतेरा लिटर. २० लिटरचा कॅन दीड मिनिटात रिकामा, ६ टक्क्याला पाऊण मिनिटात. अमेरिकेच्या एनएफपीए ११ या मानकानुसार सांडलेल्या हायड्रोकार्बनवर एएफएफएफ (तेलावर पातळ पडदा धरणाऱ्या) फोमचा दर प्रति चौरस मीटर मिनिटाला ४.१ लिटर आणि वेळ किमान १५ मिनिटं. १०० चौरस मीटरच्या तवंगासाठी हे ६१५० लिटर द्रावण होतं, आणि ३ टक्क्याने सुमारे १८५ लिटर कंपाउंड, म्हणजे दहा कॅन. कोणाचा जीव अडकला नसेल तर एवढे कॅन पंपाजवळ रचून होईपर्यंत फोम सुरू करू नये, या मताचा मी आहे. अर्धा थर टाकून कंपाउंड संपलं की आग तो थर परत खाते आणि आधीचे सगळे कॅन वाया जातात. याच कारणासाठी फोमच्या थरावर शेजारच्या लाइनचं पाणी पडू द्यायचं नाही. फोम सरळ द्रवात खुपसायचा नाही. भिंतीवर मारून ओघळू द्यायचा किंवा अलीकडच्या जमिनीवर टाकून पुढे सरकवायचा. विजेच्या चालू उपकरणावर तर नाहीच, फोम वीज वाहून नेतो.

फ्लोरिनमुक्त फोम आता सगळीकडे येतोय. जुन्या एएफएफएफमधली पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात सहजी नष्ट होत नाहीत. त्यांपैकी पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणारं रसायन ठरवलं. सरावाला साधा ट्रेनिंग फोम वापरा. कंपाउंड भरताना हातमोजे, चष्मा घाला, अंगावर सांडलं तर लगेच धुवा. नवी कंपाउंडं अनेकदा जास्त घट्ट असतात, म्हणून जुना इंडक्टर त्यांना ठरलेल्या टक्क्याने ओढेलच असं नाही. बदल झाला की इंडक्टर तपासून घ्या.

काम संपल्यावर पिकअप ट्यूब स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवून, ब्रँचमधून फेस येणं बंद होईपर्यंत प्रणाली धुवा. कंपाउंड सुकलं की चिकट थर होतो आणि व्हेंच्युरीचा बारीक गळा बुजतो. फोम टाकीत वेगळ्या प्रकारचं कंपाउंड ओतू नका, दोन मिसळून कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. टाकीत कुठलं, किती टक्क्याचं आणि कधी भरलं, हे टाकीच्या झाकणावरच लिहून ठेवा. पुढच्या पाळीतला माणूस रात्री टॉर्च मारून तेच वाचणार आहे.